चौकट क्रमांक तीन

रीगात फेब्रुवारीत चार वाजताच दिवे लागतात.
त्या उजेडात मी एकोणीसशे बाराचं घर
पन्नास सेंटिमीटरच्या पटीत कापते आहे:
सरळ भिंत, कोपरा, खिडकीची भिंत, चौकट,
आणि छताखालची नक्षी, जी चार मीटरवर पुन्हा स्वतःला भेटते.
पाच तुकड्यांत सोळा दारांचं घर.
शिंपीसुद्धा याहून जास्त कापड मागेल.

मापं घेतली स्कायद्रितेबाईंकडे, तिसऱ्या मजल्यावर.
"बूट राहू देत, फरशी गार आहे," म्हणाल्या,
आणि टेपचं दुसरं टोक न सांगता धरलं.
हिरव्या टाइल्सच्या शेगडीमागे
वॉलपेपरखाली वॉलपेपर, पाच थर.
एका चौकटीचेच एकशे चाळीस फोटो.

टेक्स्चर चढवताना कळतं,
जुनेपणा सगळीकडे सारखा पसरत नाही.
मुठीपाशी चकचकीत, खांद्याच्या उंचीला मळकट,
बिजागरीत धूळ, कारण फडकं तिथे पोचत नाही.
चकाकीचा नकाशा म्हणजे
कुणाचे हात कुठे टेकायचे, त्याचा हिशेब.

रेंडर आलं. सोळाही दारांवर, डावीकडे,
पेन्सिलीच्या रेघा.
ऐगा ५३. ऐगा ५४. ऐगा ५६, जरा तिरकी.
फोटो काढताना दिसल्या नव्हत्या मला.
एकच मुलगी सोळा खोल्यांत
एकदम उंच होत होती.

गिर्त्स मागे उभा. "कॉपी कळतेय," म्हणाला,
"आणि गोष्ट बाराची आहे. पूस."
बरोबर होतं त्याचं.
शेजारचं लाकूड उचलून रेघांवर ठेवलं,
चार फटकाऱ्यांत ऐगा नाही.

संध्याकाळी फोन केला. ऐगा कोण?
"पलीकडची. तेव्हा मधे पार्टिशन होतं,
स्वयंपाकघर एक, माणसं अकरा."
आणि पंचावन्न साली?
"त्या वर्षी पेन्सिल सापडली नसेल," बाई म्हणाल्या,
आणि बर्फाबद्दल बोलू लागल्या.

शेवटच्या खोलीत एक दार आहे, कायमचं बंद,
कुठेच न उघडणारं.
त्याला मी जुनी चौकट लावली, उलटी फिरवून,
रेघा पलीकडे, जिथे खोलीच नाही.
न दिसणारी बाजू इंजिन रंगवत बसत नाही,
तेवढाच वेळ वाचतो.

फाइलमध्ये मात्र आहे ती:
जमिनीपासून एकशे सतरा सेंटिमीटर.
ग्रिडमध्ये बसत नाही.