सत्तर पानांचा पुडा

चैतराम मुन्शीचा फोन: "म्याडम,
लॅपटॉप म्हातारा झाला जी.
एक कार्ड भराले अकरा सेकंद लागते."
मी विचारलं, अकराच कशावरून?
"बाया मोजतेत जी, मी नाही."

कोसमटोल्याची तेंदू फळी. मेचा तिसरा आठवडा.
पुड्यांच्या रांगा मैदानभर वाळत घातलेल्या
आणि दुसरी रांग, बायांची,
मोहाच्या सावलीबरोबर सरकणारी.

सर्व्हर नाही, तार नाही, टॉवर डोंगरापल्याड.
डेटाबेस ॲपच्या पोटातच, एका फाइलीत:
बत्तीस गावं, नऊ हंगाम,
सहा लाख चाळीस हजार नोंदी.
तिची नक्कल चैतरामच्या गळ्यात,
काळ्या दोऱ्यातला पेनड्राइव्ह, ताईत असावा तसा.

पहिला दोष उन्हाला.
लॅपटॉपखाली ओलं फडकं ठेवलं. अकरा.
मग विजेला: बॅटरीवर, सोलरवर. अकरा.
फाइल फुगली असं कुणी म्हणालं.
पोकळ जागा काढून आवळली,
पावणेदोन जीबीची दीड झाली.
अकरा.

तेव्हा कुठे मी नीट मोजायला बसले.
नवी नोंद घातली: पापणी लवायच्या आत.
जुनी वाचली: तितकीच झटपट.
कार्ड नंबरावर इंडेक्सही होता, शहाण्यासारखा.
फक्त लिहिलेलं बदलायला गेलं
की ती आत कुठेतरी निघून जायची
आणि आपण दाराशी उभे.

रात्री साडेनऊला सापडला एक ट्रिगर.
सहा ओळींचा. वर शेरा:
"टे. कवडो. कोनी बोट दाखवू नये म्हनून."
एका कार्डावरचा एक पुडा बदलला
की हा पहिल्या हंगामापासून सगळे पुडे पुन्हा मोजायचा,
बत्तीसही गावांचे, मेलेल्यांचेसुद्धा,
आणि बेरीज जुळली तरच हात सोडायचा.

चैतराम बराच वेळ बोलला नाही.
"दुसऱ्या साली तीनशे पुडे कमी भरले.
टेमराजवर आलं. त्यानं नवते घेतले जी.
वाळवीनं खाल्ले का वाऱ्यानं नेले, कोन सांगल?
मंग मुन्शीपना सोडला त्यानं. जाताना हे लिवून गेला."

तेव्हा ही मोजणी कुणाला जाणवलीही नसेल.
नंतर दर हंगामाला थोडी थोडी वाढली,
जशी घरातल्या माणसाची पाठ वाकते,
रोज पाहणाऱ्याला न दिसता.

खोडायला एक ओळ पुरली असती.
मी ती लिहिली, आणि पुसली.
ट्रिगर उचलून रात्रीवर टाकला:
दिवसा फक्त त्या कार्डापुरती बेरीज,
फळी उठल्यावर एकदा सगळी.
टेमराजचा शेरा होता तसाच राहू दिला,
'कोनी'तल्या 'न'सकट.

सकाळी पहिलं कार्ड मनकाबाई कोरेटीचं.
एकशे बारा पुडे. चैतरामने कळ दाबली.
झालं.
ती जागची हलली नाही.
"झाला?"
झाला.
"लिवला?"
लिवला.
"इतक्यात?"

तिने स्वतःचाच एक पुडा उचलला.
बांधणी न सोडता, अंगठ्याने कडेकडेने
एकेक पान पुढे ढकलत मोजत गेली.
मी घड्याळ पाहिलं नाही.
मागच्या बायाही गप्प.
"सत्तर," ती म्हणाली. "आता दाखव."

चैतरामने स्क्रीन तिच्याकडे वळवली.