रेफरन्स

सकाळपासूनचा हा नववा.
पहिल्याने पगाराचा आकडा आधी विचारला, मग कंपनीचं नाव.
दुसरीचा अनुभव तिच्या वयाहून
जेमतेम चौदा वर्षांनी लहान.
तिसऱ्याच्या बायोडेटात चौथ्याचंच वाक्य,
‘दबावाखाली उत्तम काम करतो’,
शुद्धलेखनाच्या चुकीसकट.
पाचवा आला नाही. सहावा आला, पण सातव्याच्या वेळेला.

आणि आता सुहास घाडीगावकर, वय एकतीस.
शर्टावर दुकानातल्या घडीच्या रेघा अजून तशाच.
लिहितो: पंथकी गेजेस, गाळा क्रमांक चौदा, मरोळ,
२०१५ ते २०२१.

मी पेन खाली ठेवते.
गाळा क्रमांक चौदात माझी चार वर्षं गेली.
२०१७च्या दिवाळीआधी पंथकी सरांनी
स्वतः स्टुलावर चढून पाटी उतरवली,
वर्तमानपत्रात गुंडाळली
आणि टॅक्सीत मांडीवर घेऊन दादरला घरी गेले.
स्क्रू माझ्या हातात राहिले. चार.

विचारते, गाळ्यासमोर काय होतं?
“चहावाला.”
मुंबईत हे उत्तर चुकत नाही.
आणि सर कसे होते?
“कडक. पण मनाने चांगले.”
हेही चुकत नाही.

संध्याकाळी रेफरन्सचा नंबर फिरवते.
“हां, पंथकी बोलतोय.”
मालवणी हेल, मागे कुकरची शिटी,
आणि कुणीतरी बाई दबक्या आवाजात: “सावकाश बोल.”
मुलगा प्रामाणिक आहे, म्हणतो. वेळेचा पक्का.
आमच्या गाळ्याचा कणा होता, मॅडम.

इथे फोन ठेवायचा असतो.
फॉर्मवर एक चौकोन आहे: तफावत आढळली.
मी विचारते, “सर, गुडघा कसा आहे आता?”
जरा थांबून तो म्हणतो,
“बरा आहे. जिना चढताना दुखतो थोडा.”
“आणि गोळ्या?”
“घेतोय ना. तुम्ही नका काळजी करू.”

सर जाऊन पाच वर्षं झाली.
गुडघ्याचं विचारायला मी कधी गेले नव्हते.

शेवटच्या दिवशी त्यांनी आम्हा सहाही जणांना पत्रं दिली,
लेटरहेडवर, हिरव्या शाईची सही.
माझ्या पत्रात तारीख होती पुढल्या जूनची.
सर, जूनमध्ये तर गाळाच नसणार.
“नसनार, तर मग कोन येनार विचारायला?
दुसरी नोकरी भेटते तोवर तू इकडेच हाय.”
असं म्हणाला तो माणूस, जो एका गेजचा काटा
शून्यावर परत आला नाही
म्हणून भिवंडीहून अख्खी खेप माघारी आणायचा.
ते पत्र माझ्या फाइलीत आहे.
याच कंपनीत, खालच्या मजल्यावर, कपाट दोन.

चौकोनात मी खूण केली.
घाडीगावकरने गेज उलटा धरला होता,
हेही सांगायला हवं. कनवाळूपणाने कॅलिब्रेशन होत नाही.

जिला निवडलं तिची सगळी कागदं खरी.
मी स्वतः तीन ठिकाणी फोन केले होते.
सोमवारी ती आलीच नाही. मंगळवारी तिचा फोन बंद.
टेबलावर तिचं आयकार्ड, नवी वही,
आणि शिपाई दत्ताने हौसेने ठेवलेला
बिस्किटाचा पुडा, जो शेवटी त्यानेच खाल्ला.

आज पुन्हा जाहिरात द्यायची आहे.
अनुभव: किमान तीन वर्षे. मी ‘किमान’ खोडते, परत लिहिते.

तो नंबर अजून काढून टाकलेला नाही.
‘पंथकी सर’ नावाचा जुना एक आहेच माझ्याकडे,
लावला की एक बाई सांगते, हा क्रमांक अस्तित्वात नाही.
हा त्याच्या खाली.