चढा काटा

मार्केट यार्डात काटे दुरुस्त करतो मी.
लाकडी पेटीत वजनं, खळग्यात बसवलेली,
वीस किलोपासून एक ग्रॅमपर्यंत.
हळदीच्या धुरळ्यानं नखं बारमाही पिवळी.
शालन म्हणते, लग्नातली उतरलीच नाही तुमची.

दोन वर्षांमागं, सौदे ऐन भरात,
एका काट्यावर वाकलो
आणि छातीवर कुणी पोतं टाकलं.
हात बधिर, घाम, संपलो आता.
अडत्याच्या गाडीतून नेलं. पट्टी काढली.
स्वच्छ.
"गॅस असेल," म्हणाले.
पुढच्या महिन्यात तीनदा संपलो.
तिन्ही वेळा काही नव्हतं.

मग ते पोतं उतरेचना.
पहाटे तीनला डोळे उघडायचे,
छताकडं बघत हिशेब, न केलेल्या चुकांचा.
पुढ्यात भडंग, चव मातीची.
शालनचा आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत.
पारड्यात काही नसताना आकडा दिसला
की आम्ही म्हणतो, काटा चढा आहे.
मी तसा होतो.
तेव्हा हे सांगता आलं नाही.
धनपालनं लिंबू उतरवला.
आदगोंडा मामा म्हणाले, मन रमवा.
रमवा म्हणजे कुठला स्क्रू फिरवायचा?

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली.
पाकिटावर पंचवीस मिलिग्रॅम.
माझ्या पेटीतलं सगळ्यात धाकटं वजन
त्याच्या चाळीसपट.
हसूच आलं. एवढ्यानं?
"लगेच नाही," त्या म्हणाल्या, "काही आठवडे लागतील.
आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही."
पहिले दहा दिवस नुसतं मळमळलं.
शालननं कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांखाली,
रोज एक टिंब दिलं.

दर गुरुवारी शेजारच्या खोलीत एक मुलगी ऐकायची.
नाशिककडची. हरिपूरची पेवं तिला ठाऊक नव्हती.
सांगितलं: जमिनीत मडक्यासारखी खोल,
हळद भरायची, तोंड लिंपायचं.
वडील उतरायचे त्यात.
पण उघडल्या उघडल्या नाही, आत हवा नसते.
आधी तोंड उघडं ठेवायचं,
मग दोरीनं कंदील सोडायचा.
विझला तर थांबायचं.

"किती वेळ?" तिनं विचारलं.

आणि मी तिथं, पंख्याखाली,
पन्नाशीतला बाप्या,
रडत बसलो.
तिनं घड्याळाकडं बघितलं नाही.

सहाव्या आठवड्यात भडंगातला लसूण लागला जिभेला.
एवढंच. कुणाला सांगितलं नाही.
मधे दोनदा पोतं पडलं परत,
पण आता माहीत होतं, हे मरण नव्हे,
चढतं आणि ओसरतं,
आपण श्वास मोजत बसायचं.
मोजणं मला येतं.

परवा चौगुले अडत्यानं विचारलं,
"कुठं गायब होतास रं बाबगोंडा?"
तोंडात मणका आला होता, नेहमीचा.
म्हणालो, मिरजेला. मनाच्या डॉक्टरकडं.
गोळी चालू आहे अजून.
त्यानं हमालाला चहाला पिटाळलं.
पंखा मोठा केला.
"नंबर दे त्यांचा. मेव्हण्याला पाहिजे."

कुठल्या मेव्हण्याला, विचारलं नाही.
पट्टीच्या पाठीमागं नंबर लिहिला
आणि त्याचा काटा
पुन्हा एकदा रिकामा करून बघितला.