प्र. अ.

उधन्याहून आलीस? रात्रीच्या पॅसेंजरने?
बैस. पंखा हळूच ठेवतो, कागद उडतात.
आडनाव नंतर सांग. आधी हे सांग,
कोणत्या काठचा होता तुझा पणजोबा?

इकडे अजून असंच विचारतात :
'कोनता काठना शे तू, भो?'
अमळनेरकडून तापीवर उतरलं की सुरमाळे बुद्रुक.
समोर, चोपड्याच्या अंगाला, सुरमाळे खुर्द.
बुद्रुक म्हणजे थोरलं. आता तिथे सत्तर उंबरे,
आणि धाकट्यात दोन बँका, केळीचा वजनकाटा.
नाव कोणी दुरुस्त केलं नाही.

आणि हे बघ, नावामागचं शेपूट : प्र. अ.
प्रगणे अमळनेर.
किंवा प्रगणे अडावद.
लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, त्याने कशाला फोड करावी!
या दोन अक्षरांपायी
माझ्या देखत एकतीस माणसं
चुकीच्या काठावर पूर्वज शोधत बसली.
एकाने तर परक्याच्या ओट्यावर नारळ फोडला.
ओट्याच्या मालकाने खोबरं खाल्लं, काही बोलला नाही.

झिपरू वल्द उखा भोई. थांब.
मोडीत आधी रेघ ओढतात, या कडेपासून त्या कडेपर्यंत,
मग अक्षरं तिला धरून निघतात, हात न सोडता,
नाव दोराला धरून पलीकडे जायची, तशी.

सापडला. बुद्रुकच्या बुकात :
'उखा भोई यास मुलगा.'
झिपरू हाच कशावरून? पुढच्या थंडीत देवी टोचल्या,
त्या यादीत नाव आहे.
तीन ओळी खाली, 'उखा भोई यास मुलगी.'
ती कुठल्याच यादीत नाही. पुन्हा बघतो.
नाही.

मयत मात्र खुर्दच्या बुकात. वय अदमासे साठ, ताप.
आणि घर?
घरपट्टी नाही, गावठाणात हातभर तुकडा नाही,
इकडेही नाही, तिकडेही.

तेव्हा तू म्हणालीस, लूमच्या खडखडाटात बाबा ओरडून सांगायचे,
आपलं घर दिवाळीनंतर उगवायचं
आणि आखाजी झाली की मोडायचं.

अगं, मग डांगरवाडी!
वाळूत कुडाचं खोपटं, वेलांच्या आळ्यात शेणखत,
रात्रभर कोल्ह्यांना हाकारे.
पाण्याला रंग आला की वासे, हंडे, पोरं नावेत.
नाव ज्या काठाला लागली, ते त्या वर्षाचं गाव.
मोजणीवाल्याची साखळी काठापर्यंत येते,
मग तो टोपी काढून घाम पुसतो
आणि परत फिरतो.

नकलेचे वीस रुपये. पावती जपून ठेव.
'गाव' या रकान्यात मी दोन्ही लिहिली,
मध्ये बोटभर कोरं सोडलं.
साहेबांनी सही थांबवून विचारलं, इथे काय राहिलं?
म्हटलं, राहिलं नाही साहेब. पाणी आहे.
उन्हाळ्यात वाळू.