रस्ता पूर्ववत

तांबोळी मॅडमनी लाकडी मोगरीनं
शिरीषाच्या बुंध्यावर टकटक केलं,
डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतात तसं,
आणि कान लावला.
पूर्वेकडून भरीव.
दक्षिणेकडून भरीव.
फुटपाथच्या अंगाला आल्यावर
आवाज एकदम खाली गेला,
रिकाम्या पिंपात चिंचोका पडावा तसा.

मी पलीकडे जगदाळ्यांच्या रसवंतीपाशी,
सावलीत उभा.
सावली त्याचीच.

नऊ वर्षांपूर्वी, फेब्रुवारी अखेर,
लॉ कॉलेज रोडच्या मागच्या या गल्लीतून
केबलची चारी माझ्या देखरेखीखाली गेली.
मार्चच्या आत बिल काढायचं होतं.
बसवंत छातीइतका खाली उतरलेला.
"साहेब, मांडीएवढं मूळ आहे.
वळसा घालू का? दोन तास जातील."
मी घड्याळाकडे पाहिलं.
खरं तर पाहिलंही नाही.
"तोड," म्हटलं.

कुऱ्हाडीचे अकरा घाव.
मोजायचे नव्हते, मोजले गेले.
सालीचा भुगा नाकात जाऊन
बसवंत तीनदा शिंकला, हसला,
आणि हातभर तुकडा वर फेकला.
जगदाळ्यांनी तो गिऱ्हाइकाला बसायला ठेवून घेतला.
मग मुरूम, वर काँक्रीट, त्यावर ठोकळे
थेट बुंध्याच्या गळ्यापर्यंत आवळून.
वहीत मी लिहिलं: रस्ता पूर्ववत.

झाड काही बोललं नाही.
माणूस ठेचेलासुद्धा आई गं म्हणतो.
हा त्या उन्हाळ्यातही फुलला,
वाळक्या शेंगा खुळखुळवत राहिला,
पुढच्या वर्षी, त्याच्याही पुढच्या.
मला वाटलं, सुटलो.
छे, तेवढंही वाटलं नाही.

चौथ्या वर्षी शेंड्याची एक फांदी
पानांवर आलीच नाही.
सहाव्या वर्षी बुंध्याशी एक तांबूस कवच,
कड पांढरी, वर वार्निशची चकाकी.
आमच्या सावंतवाडीकडे फणसावर येतो तो फणसोंबा;
तोंड आलं की आई सहाणेवर उगाळून
धाकट्याच्या जिभेला लावायची.
मला ते औषध म्हणून ठाऊक.
झाडाच्या बाजूनं कधी विचारलं नव्हतं.

"वर दिसतंय ते नुसतं फळ,"
मॅडम हाताखालच्या पोराला सांगत होत्या,
"रोग खाली पसरलाय. कुठून तरी
आत शिरायला वाट मिळाली असणार."
कुठून तरी.
माझ्या ग्लासातला बर्फ विरघळला.

पोरानं टेप गुंडाळला. घेर दोन मीटर ऐंशी.
उंची अंदाजे. धोका: होय.
'कारण' या रकान्यापाशी पेन थांबलं.
मी रस्ता ओलांडून गेलो होतो, केव्हा कोण जाणे.
"काय लिहिताय?"
"वय," त्या म्हणाल्या. "बहुतेक वयच लिहितो आम्ही."

वर दोन-चार शेंगा वाजल्या.

मी मागे फिरलो.
रसवंतीपाशी हेल्मेट मांडीवर घेऊन
एक मुलगा त्या तुकड्यावर बसला होता.
नऊ वर्षांच्या बसण्यानं तो वरून गुळगुळीत झालेला,
पण कापल्या तोंडाशी घाव अजून मोजता येतात.

"जरा उठता का," मी म्हटलं.
"हे तिकडं न्यायचंय."