सामाईक विहीर

हर्णैला बंदरावर आमच्या मच्छीमार सोसायटीत
एकच संगणक, आणि त्यात बावीस वर्षांचं डिझेल.
हिशोबाचं जुनं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं.
इर्शादला पाहिजे लिनक्स,
होड्यांच्या जीपीएसचे नकाशे काढायला.
नव्याला पैसे नाहीत, चोगले सेक्रेटरी म्हणाले.
पापलेट मिळो न मिळो, हे ते दरवर्षी म्हणतात.

मग ह्याच्यातच वाटणी करू, इर्शाद म्हणाला.
वाटणी ऐकून माझ्या पोटात गोळा आला.
पाजपंढरीला आमच्या सहा गुंठ्यांचा दावा
एकोणीस वर्षं चालू आहे, एका गडग्यापायी.
चुलत सासऱ्यांनी तो एका रात्रीत हातभर सरकवला होता.

आधी बॅकअप.
काळ्या डबीत सगळं उतरवून मी उठले,
त्याने परत बसवलं.
उघडून बघा ताई,
न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे.
मी हाताला येईल ते साल उघडलं.
होडी जलकन्या, दोनशे लिटर,
घेणाऱ्याचं नाव आमच्या ह्यांचं. मीच टाइप केलेलं.
उघडतंय, एवढंच त्याला सांगितलं.

बंद केलं तरी विंडोज एक डोळा किलकिला ठेवतं,
ते झोपेचं सोंग आधी मोडलं.
कुलपाची किल्ली, अठ्ठेचाळीस आकडे,
वहीच्या कागदावर लिहून कॅशच्या पेटीत.
मग विंडोजलाच सांगायचं, तू मागे सर.
बाहेरच्याने ढकलायचं नाही.
ते सरलं थोडंसंच.
मध्ये कुठलीतरी फाइल ठाण मांडून,
हलवता न येणारी.
अशांना मी ओळखते.
पण हिला दोन सेटिंगं बदलून, एकदा बंद-चालू करून
उठवता आलं.
ऐंशी जीबी मोकळे झाले. कुणी कोर्टात गेलं नाही.

रात्री दहाला बर्फाच्या कारखान्याची मोटार थांबते,
तोवर थांबलो.
यूपीएसचा जीव अकरा मिनिटांचा,
आणि अर्ध्यावर लाइट गेली तर
गडगा ह्याच्याही हद्दीत नाही, त्याच्याही नाही.

डिस्कच्या तोंडाशी शंभर एमबीचा एक तुकडा होता.
ह्याला हात लावायचा नाही, इर्शाद म्हणाला,
दोघं इथूनच उठणार.
म्हणजे सामाईक विहीर, मी म्हटलं.
तो हसला. त्यांच्या बुरोंडीतही एक आहे.

पडद्यावर पहिलाच पर्याय: संपूर्ण डिस्क पुसा.
आधीच निवडून ठेवलेला!
त्याचं बोट तिथे थांबलं,
बाहेर भरतीचं पाणी जेटीला लागत होतं,
मग बोट खाली गेलं, अजून खाली,
रिकाम्या जागेवर.

चाळीस मिनिटं.

आता सकाळी बटण दाबलं की संगणक विचारतो, कोण?
दहा सेकंद वाट बघतो.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता विंडोज उघडलं,
पावती छापली, तर वेळ पहाटे साडेचार.
देवजी नाखवा म्हणाला, बाय, तेव्हा मी घोरत होतो.
घड्याळ एकच; एक त्यात जगाची वेळ ठेवतो,
दुसरा तीच हर्णैची म्हणून वाचतो.
साडेपाच तास कुठेच नसतात.

इर्शादने एका ओळीत जुळवून दिलं.
नाखव्याला नवी पावती दिली.
जुनी फाडायला हवी होती.
पहाटे साडेचारला डिझेलला कोण यायचं
हे नाखव्याला आठवत नसेल.
खणात ठेवली, किल्लीच्या कागदाखाली.

दाव्याची पुढची तारीख सतरा.