तीन अंडी

ये, बस. भट्टीपासून लांब बस, न्दुक,
तुझ्या पांढऱ्या सदऱ्याला काजळी धरेल.
गेल्या रोज्यांच्या महिन्यात आली होतीस,
तीन अंडी नेलीस चंदेरी कागदात,
तान्ह्याला गुंडाळावं तशी गुंडाळून.
मी पैसे घेत नव्हते, तू बळेच मुठीत कोंबलेस.
शेजारणीला सांगून हसले मी रात्री:
शहरातल्या पोरी अंड्यावरसुद्धा नाव लिहितात.

आता आकडे घेऊन आलीस.
आकडे मला कळतात. भट्टीचा हिशेब मीच ठेवते.
लाकडाची गाडी घेतली तर टोफूच्या वडीमागे
हातात वाफ उरते.
प्लॅस्टिकची घेतली तर शाळेची फी निघते.
कितीही वेळा मांडून बघ, चूक सापडायची नाही.

कुठून येतं विचारतेस?
समुद्रापलीकडून रद्दी येते, रद्दीच्या पोटात हे.
गिरणीला कागद हवा, आम्हाला जाळ हवा.
ही बघ कुत्र्याच्या खाऊची पिशवी.
कुत्रा किती गुटगुटीत, केस विंचरलेले.
हे चीज. हे कुणाच्या बाळाचे लंगोट.
ही भाषा कुठली, तूच सांग,
अक्षरांच्या डोक्यावर दोन-दोन ठिपके.
माझी विदार्ती असल्याच वेष्टनांवरून
अक्षरं गिरवायला शिकली.
एकदा ढिगात परदेशी नोट सापडली होती,
आठवडाभर सगळी आळी ढीग उपसत होती.

पहाटे पेटवतो.
ते लाकडासारखं जळत नाही गं. आधी आक्रसतं,
ठिबकतं, मग एकदम भडकतं.
धूर गोडसर. घशात पाहुण्यासारखा बसतो,
उठायचं नाव घेत नाही.
आणि वर कढईत दूध उकळतं सोयाचं,
इतकं पांढरं, की तरुणपणी
मला त्याचं अप्रूप वाटायचं.

राख मागे टाकतो. कोंबड्या उकरतात.
उकरणारच.
दाणा कुठला नि वितळलेला कण कुठला,
त्यांना कोण शिकवणार?

तू एका आकड्यावर बोट ठेवलंस,
मग दुसऱ्यावर, आणि म्हणालीस, ही मर्यादा.
दोघांत अंतर केवढं, इथून मक्केएवढं.
दिसत नाही म्हणालीस. वास नाही, चव नाही.
उकडून जात नाही, तळून जात नाही,
चरबीत घर करतं,
आईच्या दुधात उतरतं.

इथं थांब जरा.

विदार्तीला दिवस गेले तेव्हा
मी अंडी विकणं बंद केलं होतं.
रोज एक. शेवटी शेवटी दोन.
ती नाक मुरडायची, मी हाताने भरवायचे,
आणि आळीभर सांगत फिरायचे,
माझी पोर विकतचं खात नाही,
दारातलं खाते.

ते पोर आता पाच वर्षांचं आहे.
ते बघ, गाळण्याच्या फडक्यात तोंड लपवतंय.
हसरं आहे. खोकतं थोडं.
इथली सगळीच पोरं खोकतात.
तुझ्या कागदात त्याचा रकाना आहे का?

भट्टी विझवू म्हणतेस? विझवते.
उद्या सुपार्मिन पेटवेल त्याची, माझं गिऱ्हाईक घेऊन.
आणि त्या कुत्रेवाल्या बाईला कोण कळवणार,
की तिची पिशवी कुठवर पोचली?
तू सुराबायाच्या बाजारात सकाळी
टोफू घेतेस ना?
त्या कोपऱ्यावरच्या बाईकडे? ती आमचाच विकते.

का गं, चहा निवतोय तुझा.

थांब, ओरडली ती तांबडी.
आत्ताच घातलंय बघ, धर,
अजून ऊन आहे.
चंदेरी कागद आणलायस का?
नसेल तर असंच ने.
मला ते फेकवत नाही,
आणि घरात ठेवू कुठं,
ते सुचत नाही.